एच. पायलोरीचा कोर्स संपला, पण पित्त जाईना: काय उपयोगी पडतं?

एच. पायलोरी या जठरातल्या जंतूवरची १४ दिवसांची अँटिबायोटिक्स संपली तरी जळजळ, करपट ढेकर, दोन घासांत पोट गच्च होणं अनेकांचं चालूच राहतं. उपयोगी पडलेल्या गोष्टी वेळ आणि प्रमाणासकट लिहा.

*

आधी जंतू गेलाय का ते तपासा. कोर्सनंतर किमान ४ आठवड्यांनी युरिया ब्रेथ टेस्ट (श्वासाची तपासणी) किंवा शौचाची अँटिजेन टेस्ट करायची. त्याआधी पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी) २ आठवडे बंद हवं, नाहीतर जंतू दबून राहतात आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येतो. (अल्सरमधून रक्तस्राव झाला असेल तर गोळी स्वतःहून थांबवू नका.) तेवढे दिवस जळजळीला अँटासिडचं औषध चालतं. रक्तातल्या अँटिबॉडी तपासू नका, जंतू मेल्यावरही त्या कित्येक महिने पॉझिटिव्ह येतात.

*

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर जुनी चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या पुन्हा घ्यायच्या नाहीत. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणारे जंतू बरेच आहेत, म्हणून दुसऱ्या वेळी बहुधा बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल आणि पित्ताची गोळी असा चौघांचा कोर्स देतात. टेट्रासायक्लिन दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीसोबत घेतलं तर अंगी लागत नाही. ते पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेला जखम होते. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू पूर्ण बंद. बिस्मथने जीभ आणि शौच काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण शौच डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

*

रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर पित्ताची गोळी एकदम सोडली की जळजळ उसळते. दोन-तीन महिने दाबून ठेवलेलं आम्ल काही आठवडे जास्तच तयार होतं, त्याला लोक ‘रोग परत आला’ समजतात आणि गोळी आयुष्यभराची होऊन बसते. डॉक्टरांना विचारून ४० मिग्रॅवरून २०, मग एक दिवसाआड असं उतरवा. गोळी न्याहारीआधी अर्धा तास घ्यायची. जेवणानंतर घेतली तर परिणाम कमी होतो.

*

थंड दुधाने लगेच बरं वाटतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल वाढवतात. उपाशीपोटी चहा नको. उपवासाला साबुदाणा वडा तर नकोच, तळलेलं जठरात रेंगाळतं. रात्रीचं जेवण झोपेआधी ३ तास. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ६ इंच उंचीचे ठोकळे ठेवा. नुसत्या उशा रचल्या की पोट दुमडतं आणि दाब वाढतो.

*

डोकेदुखी-कंबरदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, पॅरासिटामॉल बरं. हृदयासाठीची ॲस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नका.

*

जंतू नाही, दुर्बिणीच्या तपासणीतही (एन्डोस्कोपी) काही दिसलं नाही, तरी पोट दुखतं? संसर्गानंतर जठराच्या नसा काही महिने हळव्या राहू शकतात. त्यासाठी रात्री १० मिग्रॅ ॲमिट्रिप्टिलिन दिलं तर ‘मानसिक गोळी’ म्हणून टाळू नका. इथे ती नसा शांत करायला असते. सकाळी तोंड कोरडं पडतं, सुस्ती येते, म्हणून झोपायच्या थोडी आधी घ्या.

*

बी १२ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या, शाकाहारी असाल तर नक्कीच. हा जंतू दोन्ही कमी करतो, लांबलेली पित्ताची गोळीही करते. वजन घटतंय, घास अडकतोय किंवा हिमोग्लोबिन उतरतंय, तर आधी एन्डोस्कोपी.