न्हाणीघराच्या चौकटीला वाळवी, औषध न मारता घालवायची आहे – मदत हवी आहे

तिलकनगर_इंदूर:
चौकटीला वाळवी लागली आहे. पेस्ट कंट्रोलवाले फरशीला भोकं पाडून औषध सोडू म्हणतात. ते नको, घरात रांगणारं बाळ आहे. कडुलिंबाचं तेल लावलं की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. लवकर सांगा.

सुतारकाम:
तळमजला आहे का? चौकटीवर मातीच्या नळ्या दिसतात, की खाली बारीक कोरडे दाणे पडतात? नळ्या म्हणजे वाळवी जमिनीतून येते, दाणे म्हणजे ती लाकडातच राहते. उपाय वेगवेगळे आहेत.

माळवा६८:
रॉकेल ओता, विषय संपला.

सुतारकाम:
अजिबात नको. रॉकेल उडून जातं, वारूळ खालीच राहतं. वर आगीची भीती, आणि बाळ त्याच फरशीवर रांगतंय.

बोरिकवाले:
40 ग्रॅम बोरिक पावडर 1 लिटर गरम पाण्यात विरघळवून ब्रशने 2-3 हात द्या. रंग खरवडल्याशिवाय लाकडात मुरत नाही.

हरित_इंदूर:
बोरिक हेही रसायनच! धाग्याचं शीर्षक तरी वाचा. कृषी सेवा केंद्रातून मेटारायझियम आणा. ही बुरशी वाळवीच्या अंगावर वाढून तिला मारते.

बोरिकवाले:
तुमची बुरशी ओल असेल तरच जगते. शिवाय आजारी वाळवीला बाकीच्या वेगळं काढतात, रोग वारुळापर्यंत पोचतोच असं नाही. पण बाळाच्या हाताला लागेल तिथे बोरिक नको, हे मान्य.

तिलकनगर_इंदूर:
तळमजलाच. नळ्या आहेत. आता उपाय सांगा.

सुतारकाम:
मग ओल शोधा. जमिनीतल्या वाळवीला ओल लागतेच. नर्मदेच्या पाण्याच्या लाइनचा एखादा सांधा भिंतीत झिरपतोय का, ते बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते, जोत्याला फटी पडतात. वाळवीला एक मिलिमीटरची फटही पुरते.
नळी एका जागी दोन इंच मोडा. आठवड्यात पुन्हा बांधली तर वाट चालू आहे. तिथे खोक्याचा नालीदार पुठ्ठा गुंडाळी करून, भिजवून, काळ्या पिशवीने झाकून टेकवा. 8-10 दिवसांनी तो वाळवीसकट उकळत्या साबणाच्या पाण्यात बुडवा, नवा लावा. पुठ्ठा रिकामा येऊ लागला की नळ्या खरवडा, चौकटीचा कुजलेला पाय कापा आणि खाली दगडाचा तुकडा बसवून सांधा 1:3 सिमेंट-वाळूने भरा. लाकूड फरशीला टेकता कामा नये. राणी जमिनीतच राहणार, म्हणून पावसाळ्यात दर पंधरवड्याला बॅटरी घेऊन तपासा.

जोतं_आणि_पाया:
नवीन घर बांधणाऱ्यांनी जोत्याखाली काळ्या दगडाच्या 1.7 ते 2.4 मिलिमीटर चुरीचा 10 सेंटिमीटर थर द्यावा. वाळवीला हे कण उचलत नाहीत आणि मधून घुसताही येत नाही. हवाई बेटांवर हे करतात. माळव्यात तर दगड हाच आहे.

तिलकनगर_इंदूर:
घर जुनं आहे हो. नळामागची भिंत खरंच ओली लागतेय. उद्या प्लंबर बोलावला आहे. पाइप आधी की पुठ्ठा आधी?

सुतारकाम:
पुठ्ठा आज. ओल आधी तोडलीत तर ती वाट सोडून दुसरीकडून चढेल आणि कुठून ते कळणार नाही. पुठ्ठ्यात वाळवी भरली की मग पाइप.