रात्री रताळी कोण उकरतंय? (पानशेतजवळ)

खडकवासल्यापलीकडे: मंडळी, पानशेतच्या अलीकडे आमचं घर आहे, मागे चार गुंठे मोकळे. होळीच्या आधी गवार, भेंडी, काकडी लावली, कडेला रताळ्याचे वेल आहेतच. सकाळी मोर येऊन कोवळे कोंब खुडतात ते निदान दिसतं तरी, पण रात्री कोणीतरी रताळी काढून नेतंय, खड्डा छोटासाच, बाकी वाफा जागच्या जागी. शेजारचे काका म्हणतात डुक्कर. नायलॉनची जाळी मारू का चहूबाजूंनी?

भोरवाला: डुक्कर नाय वाटत. डुकरं कळपानं येतात आणि अख्खा वाफा नांगरल्यागत उलथून जातात, एकेक कंद शोधून काढत बसत नाहीत. साळिंदर असणार. आसपास काळापांढरा काटा पडलाय का बघा, उरलेल्या रताळ्यावर रुंद दातांच्या खाचा पण दिसतील. जुन्या साड्या बांधतात त्या डुकरासाठी ठीक, साळिंदराला काय फरक पडत नाय. तारेची जाळी फूटभर जमिनीत गाडायची, नाहीतर खालून उकरून आत येतं. आणि कुंपणात करंट बिरंट सोडू नका हां, माणसं मेलीत त्यात.

पक्षीवेडी_कोथरूड: नायलॉन प्लीज नको!! धामण अडकते त्यात, खवल्यांमुळे मागे सरता येत नाही, पुढे रेटत राहते आणि दोरा अंगात रुततो. बिचारी बिनविषारी, तुमचेच उंदीर खाणारी. मोरांसाठी रोपं गुडघाभर होईपर्यंत वाफ्यावर बोरीच्या काट्या पसरा. गोफण बिफण नको, मोर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परिशिष्ट १ मध्ये आहे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण.

खडकवासल्यापलीकडे: काटा सापडला दादा, पांगाऱ्याखाली, चांगला वीतभर! काकांना दाखवला तर म्हणे मी आधीच म्हणत होतो 😄 अजून एक, वाळका पाला खूप पडलाय, जाळून टाकू?

भोरवाला: अजिबात नको, फाल्गुन-चैत्रात एक ठिणगी डोंगराला लागली की वणवाच. गवार-भेंडीच्या बुडाशी आच्छादन करा, पाणी निम्मं लागतं. फक्त घराच्या भिंतीला ढीग लावू नका आणि पाला हातानं उचलू नका, फुरसं दिसत पण नाही त्यात. साप घरात आला तर वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर लावायचा.

पक्षीवेडी_कोथरूड: सावलीत पसरट परळात पाणी पण ठेवा, मधे एक दगड, मधमाश्या बुडत नाहीत मग.

खडकवासल्यापलीकडे: ठेवते. जाळी कोणती मागू दुकानात?

भोरवाला: वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्ड केलेली जाड तारेची जाळी. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ देतील, ती घेऊ नका.