अधिवेशनाची तारीख, यादी आणि वेळ तिन्ही सरकारच्या हातात. मग सभागृह करतं काय?

बाळीवेसकर

चार कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या तीन २०२० च्या पावसाळी अधिवेशनात आल्या होत्या. १९ सप्टेंबरला लोकसभेत मांडल्या, २२ ला तिथे मंजूर, २३ ला राज्यसभेत मंजूर आणि त्याच दिवशी अधिवेशन गुंडाळलं. राज्यसभेत तेव्हा विरोधकांचा बहिष्कार होता. तिन्ही संहितांची मिळून ४११ कलमं.

सोलापूरकरांना यात रस असायला हवा. आपल्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायकांना १९६६ चा विडी आणि सिगार कामगार कायदा लागू होता, तो या संहितांमध्ये विरघळला. त्या जुन्या कायद्याचं ३९ वं कलम काढून वाचा. पान-तंबाखू किती दिला, विड्या किती छाटल्या, छाटलेल्या विड्यांचे पैसे द्यायचे की नाही, असल्या भांडणांचा निवाडा कसा करायचा, ते त्यात होतं. विड्या जमा करताना खिडकीपाशी उभं राहून ज्याने बघितलंय त्याला याची किंमत कळेल. बाई जुड्या पुढे सरकवते, आतला माणूस चाळून मूठभर विड्या बाजूला काढतो, आणि त्या मुठीवर तिची मजुरी कमी-जास्त होते. अशा तपशिलाला त्या दोन दिवसांत किती मिनिटं आली असतील?

माझी तक्रार सगळ्याच सरकारांबद्दल आहे. राज्यघटनेचं ८५ वं कलम एवढंच सांगतं की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको. अधिवेशन कधी आणि किती दिवस, हे मंत्रिमंडळाची संसदीय कामकाज समिती ठरवते. कुठली विधेयकं आणायची ती यादी सरकार काढतं. कुठल्या विधेयकाला किती तास, हे कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि तिथेही संख्याबळाप्रमाणे सत्ताधाऱ्यांचाच वरचष्मा. विधेयकाची प्रत खासदारांना मांडण्याच्या दोन दिवस आधी मिळावी असा लोकसभा अध्यक्षांचा निर्देश आहे, पण अध्यक्षांना त्यातून सूटही देता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयक सकाळी राज्यसभेत आलं आणि संध्याकाळी मंजूर झालं.

हे दुखणं जुनंच. १९५५ मध्ये लोकसभेच्या एका समितीने अधिवेशनांच्या तारखा कायमच्या ठरवून टाका असं सुचवलं होतं. हिवाळी अधिवेशन ५ नोव्हेंबर किंवा दिवाळीनंतरचा चौथा दिवस, यातलं जे नंतर येईल तेव्हापासून, इतकं नेमकं. झालं काहीच नाही. २००२ मध्ये घटना पुनर्विलोकन आयोगाने लोकसभा वर्षाला किमान १२० दिवस बसावी म्हटलं, तेही बासनात.

माझ्या मागण्या दोनच. तारखा कायद्याने ठरवा. आणि ज्या अधिवेशनात विधेयक मांडलं त्याच अधिवेशनात ते मंजूर करू नका.

पार्कचौक

काका, तारखा बरोबर, पण गोष्ट मध्यापासून सांगितलीत.

या संहिता २०१९ मध्येच संसदेत आल्या होत्या. तिन्ही श्रमविषयक स्थायी समितीकडे गेल्या. समितीचे अध्यक्ष होते भर्तृहरी महताब, तेव्हा बिजू जनता दलाचे, म्हणजे सत्ताधारी पक्षाचे नव्हेत. समितीचे अहवाल आले, सरकारने जुनी विधेयकं मागे घेतली आणि सुधारून परत मांडली. कामगार कायदे एकत्र करण्याची शिफारस तर दुसऱ्या राष्ट्रीय श्रम आयोगाची, २००२ ची. अठरा वर्षं शिजलेल्या डाळीला तुम्ही दोन दिवसांची म्हणताय.

महिला आरक्षणाचं बघा. पहिलं विधेयक १९९६ चं. २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला मांडलं, २० ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ ने मंजूर, २१ ला राज्यसभेत एकही विरोधी मत नाही. तेव्हा "अहो, तीनच दिवस!" म्हणून कुणी गळा काढल्याचं आठवत नाही. निकाल आवडला की घाई दिसत नाही, एवढंच.

सरकार पाच वर्षांसाठी निवडून येतं. प्रत्येक विधेयक पुढच्या अधिवेशनापर्यंत लटकवायचं तर शेवटच्या वर्षात त्याने काय नुसत्या कोनशिला बसवायच्या?

बाळीवेसकर

समितीकडे २०१९ ची विधेयकं गेली होती. मंजूर झाली ती २०२० ची. कामगार कपात करताना किंवा कारखाना बंद करताना सरकारची परवानगी घ्यावी लागते, ती मर्यादा १०० कामगारांची ३०० झाली. २०१९ च्या मसुद्यात ३०० हा आकडा नव्हता. नवा मसुदा पुन्हा समितीकडे जायला नको होता?

पार्कचौक

३०० चा आकडा मसुद्यातच घाला असं समितीनेच सुचवलं होतं! समितीचं ऐकलं तरी ओरड, नाही ऐकलं तरी ओरड.

शेंगाचटणी

का बे, तुम्ही दोघं कलमं घेऊन बसलाव, आणि तिकडं टीव्ही लावला की नुसता दंगा. कोण बोलायलंय, कोण ऐकायलंय, काय पत्ता लागंना. फलक घेऊन मधल्या हौद्यात उतरायचं, सभागृह बंद पाडायचं, आणि संध्याकाळी बाहेर येऊन म्हणायचं की चर्चाच होऊ दिली नाही. मार्च २०२३ ला तर सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प लोकसभेत चर्चेविना पास झाला. ४५ लाख कोटी! आपण इथं भाजीवालीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतोव. बाळीवेसकर काका, आधी ह्यांना खाली बसायला शिकवा, मग तारखा ठरवा.

सातरस्ता

शेंगाचटणी, त्या मार्चमध्ये दोन्ही बाजू हौद्यात होत्या हो. विरोधकांना अदानी प्रकरणात संयुक्त संसदीय समिती हवी होती आणि सत्ताधारी बाकांवरून राहुल गांधींनी माफी मागावी म्हणून घोषणा चालल्या होत्या. गोंधळ हा कुणा एकाच्या मालकीचा नसतो.

मी वकिली करते, कामगार न्यायालयात बऱ्यापैकी उठबस आहे. माझं म्हणणं या दोघांहून वेगळं आहे. संसदेत दोन दिवस गेले की दोन महिने, याच्यावर कोर्टातल्या माणसाचं फारसं अडत नाही. अडतं नियमांवर. कायद्यात जागोजागी "विहित करण्यात येईल त्याप्रमाणे" असं असतं. तो अर्ज कोणता, मुदत किती, अधिकारी कोण, हे सगळं नंतर मंत्रालयात बसून लिहिलं जातं. या संहिता २०२० मध्ये दोन दिवसांत मंजूर झाल्या आणि लागू व्हायला पाच वर्षं लागली. कामगार हा विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही, त्यामुळे राज्यांनाही आपापले नियम करावे लागतात. एवढी वर्षं थांबता येत होतं, तर त्या सप्टेंबरात आणखी दोन आठवडे थांबायला काय हरकत होती, हे पार्कचौक यांनी सांगावं. आणि नियम सभागृहापुढे ३० दिवस ठेवले जातात, त्यावर बोट ठेवायची संधी असते, ती किती आमदार-खासदार घेतात हे बाळीवेसकर काकांनी सांगावं.

दुसरं, पक्षांतरबंदी. १९८५ पासून दहावं परिशिष्ट आहे. पक्षादेश (व्हिप) निघाला की खासदाराने त्याविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्वावर गदा. मग विधेयक महिनाभर वाचून त्याने करायचं काय? मत आधीच ठरलेलं. म्हणून समितीला किंमत आहे, कारण तिथे पक्षादेश लागू होत नाही आणि कॅमेरेही नसतात. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्यात १६ टक्के. काका, तुमच्या मागण्यांत तारखा आहेत, समिती नाही. मला हे उलटं वाटतं.

कन्नाचौक

ह्या धाग्यात तेलंगणाचा विषय निघाला नाही याचं नवल वाटतं. आमची घरं पिढ्यानपिढ्या सोलापुरात, मागावर आयुष्यं गेली, पण लग्नकार्यं अजून करीमनगर-सिरसिल्ल्याकडे होतात. १८ फेब्रुवारी २०१४ ला लोकसभेत तेलंगणाचं विधेयक मंजूर झालं तेव्हा ते मांडणारे गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे, म्हणजे आपलेच खासदार आणि सभागृह नेतेही. आमच्या गल्लीत आनंद होता हे लपवणार नाही. आज्जी तर देवापुढं साखर ठेवून आली.

पण ते झालं कसं ते बघा. १३ तारखेला विधेयक मांडताना सभागृहात मिरपुडीचा फवारा मारला एका खासदाराने. १८ ला दारं बंद, थेट प्रक्षेपण बंद (तांत्रिक बिघाड म्हणे), आवाजी मतदान आणि मंजूर. आंध्रच्या विधानसभेने जानेवारीत तेच विधेयक फेटाळून लावलेलं. काँग्रेसने आणलं, भाजपने पाठिंबा दिला, म्हणजे मोजून मतदान घेतलं असतं तरी सहज पास झालं असतं. मग टीव्ही कशाला बंद ठेवला? आज विजयवाड्याकडचा माणूस भेटला की तो राज्य गेल्याबद्दल कमी बोलतो आणि त्या बंद दाराबद्दल जास्त. आम्हाला हवं ते मिळालं, पण समोरच्याला निदान हरताना दिसू द्यायला हवं होतं की.

पार्कचौक

कन्नाचौक अण्णा, टीव्ही बंद ठेवणं चूकच, त्याचं समर्थन मी करत नाही. पण तेलंगणाची घोषणा डिसेंबर २००९ ची. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा अहवाल २०१० च्या अखेरीस. चार वर्षं सगळा देश त्यावर बोलत होता. आणखी दोन अधिवेशनं थांबलं असतं तर मिरपूड दोनदा उडाली असती. काही प्रश्नांवर सहमती होतच नाही, आणि सरकारला शेवटी एक दिवस धरून निर्णय रेटावा लागतो. लोकांनी बहुमत त्यासाठीच दिलेलं असतं.

विजापूररोड

दिल्लीचंच चाललंय, जरा आपल्या विधानसभेकडेही बघू. जनसुरक्षा विधेयक. जुलै २०२४ मध्ये मुंबईत मांडलं, तसंच राहिलं. निवडणुकीनंतर डिसेंबरात नागपूरला पुन्हा मांडलं आणि संयुक्त समितीकडे पाठवलं. साडेबारा हजारांच्या आसपास सूचना-हरकती आल्या. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं तेव्हा "व्यक्ती आणि संघटना" जाऊन रोख कडव्या डाव्या संघटनांवर आला होता. मला हा कायदा आजही पटत नाही. विधानसभेत विरोध नोंदवला तो माकपच्या एकमेव आमदाराने, बाकीचे विरोधक विधेयक विधान परिषदेत गेल्यावर जागे झाले. पण मूळ मसुदा जुलै २०२४ मध्येच आठवड्याभरात उरकला असता तर "व्यक्ती" हा शब्द आज कायद्यात असता. मधल्या वर्षाने एवढं तरी केलं. त्यामुळे बाळीवेसकरांची दुसरी मागणी मला मान्य.

सातरस्ता

मान्य करण्याआधी तिची एक बाजू बघा. पुन्हा शिंदेसाहेबांचंच उदाहरण देते. दिल्लीच्या त्या बलात्कार प्रकरणानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने महिन्याभरात अहवाल दिला, ३ फेब्रुवारी २०१३ ला बलात्काराचे कायदे कडक करणारा अध्यादेश निघाला. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेश आपोआप संपतो. ती मुदत ४ एप्रिलला भरत होती आणि २२ मार्चपासून संसदेला महिन्याची सुट्टी. म्हणून विधेयक १९ मार्चला लोकसभेत मांडलं आणि मंजूर, २१ ला राज्यसभा. काकांचा नियम असता तर अध्यादेश मेला असता, नाहीतर पुन्हा काढावा लागला असता. पुन्हा-पुन्हा अध्यादेश काढण्याचं काय होतं ते बिहारमध्ये दिसलं. १९६७ ते १९८१ मध्ये २५६ अध्यादेश, काही तर चौदा वर्षं जिवंत ठेवलेले. पुण्याच्या गोखले संस्थेतले डी. सी. वाधवा ते शोधून सुप्रीम कोर्टात गेले आणि १९८६ मध्ये कोर्टाने त्याला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलं.

बाळीवेसकर

ताई, अध्यादेशाला सूट दिली तर प्रत्येक सरकार अध्यादेशाच्याच वाटेने येईल. शेती कायदे तसेच आले: ५ जून २०२० ला अध्यादेश, सप्टेंबरात विधेयक, राज्यसभेत मतविभाजन (मोजून मतदान) मागूनही आवाजी मतदान. आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला मागे घेतले तेही दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेशिवाय. आणताना विचारलं नाही, नेतानाही नाही.

अध्यादेश असेल तर समितीला चार आठवडे द्या. सहा आठवड्यांत ते बसतं. समितीचं तुमचं म्हणणं मला मान्यच आहे, पण अधिवेशनाच्या तारखा सरकारच्या खिशात असतील तर समितीला वेळ कोण देणार?

पार्कचौक

चार आठवडे कुठून आणणार? २०२० चं पावसाळी अधिवेशनच १४ ते २३ सप्टेंबर, दहा दिवसांचं.

बाळीवेसकर

तेच तर सांगतोय. ते दहा दिवसांचं का होतं?

पार्कचौक

कोरोना होता, काका! पहिल्याच दिवशी वीसेक खासदार पॉझिटिव्ह निघाले.

बाळीवेसकर

बरं, साथीच्या रोगासाठी अपवाद घालू. सतराव्या लोकसभेच्या १५ अधिवेशनांपैकी ११ ठरल्या तारखेआधी संपली. त्यातली कोरोनाची सोडली तर बाकीची का संपली?

शेंगाचटणी

दंगा. मी आधीच सांगितलंव की.