शब्दचर्चा: छत असलेला पूल आणि त्याचे 'जळणे', 'जाळणे'

बोरू: अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मॅडिसन काउंटी आहे. तिथल्या जुन्या लाकडी पुलांवरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. दोन ठिकाणी अडले आहे. 'कव्हर्ड ब्रिज'ला 'आच्छादित पूल' बरा की आणखी काही? आणि 'आर्सन' व 'व्हँडलिझम' या दोन्हींना सरसकट 'जाळपोळ आणि तोडफोड' लिहिले तर चालेल का?

वासा: 'आच्छादित' चुकीचा नाही, पण जड आहे. 'झाकलेला पूल' तर नकोच, त्याने ताडपत्री टाकलेला पूल डोळ्यांपुढे येतो. 'छपरी पूल' व्याकरणाने बरोबर, पण 'छपरी' शब्दाचे आज बोलीत काय झाले आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'छताचा पूल' म्हणावे. फक्त 'लाकडी छताचा पूल' असे लिहू नका, वाचणाऱ्याला फक्त छत लाकडी वाटते. पहिल्या उल्लेखात 'छत असलेला लाकडी पूल' आणि पुढे नुसते 'छताचा पूल'.

हे छत माणसांसाठी किंवा घोड्यांसाठी नव्हते, तेही लेखात एकदा यावे. पुलाचा भार दोन्ही बाजूंच्या लाकडी कैच्या ('ट्रस', म्हणजे तुळया-फळ्या तिरप्या जोडून केलेले सांगाडे) पेलतात. त्या उघड्यावर राहिल्या तर सांध्यांत पाणी मुरून पंधरा-वीस वर्षांत कुजतात. वर छत आणि बाजूंना फळ्या ठोकल्या की तेच लाकूड शंभर वर्षे सहज टिकते. म्हणजे छत हा कैचीचा रेनकोट. 'आच्छादित' म्हटले की ते सजावटीसारखे वाटू लागते, म्हणूनही तो शब्द मला नको वाटतो.

खाडीकाठ: कोकणात 'साकव' आहेच, तो का नको?

वासा: साकव म्हणजे ओढ्यावर पोफळीचे किंवा बांबूचे ओंडके टाकून केलेली पायवाट. पावसात वाहून गेला तर पुन्हा घालतात. छताच्या पुलावरून भरलेल्या गाड्या जात. शब्द गोड आहे, पण इथे बसत नाही.

कलमदान: 'आर्सन'बद्दल. 'जाळपोळ' हा दंगलीचा शब्द आहे. त्यात जमाव असतो, अनेक वस्तू असतात, गोंधळ असतो. रात्री एक-दोघांनी येऊन एकच पूल पेटवला, त्याला 'जाळपोळ' म्हटले की चित्रच बदलते. 'पूल पेटवून दिला', 'पुलाला आग लावली' हे नेमके.

मराठीत 'आग लागली' आणि 'आग लावली' यांत एका अक्षराचा फरक आहे, पण आरोप त्या अक्षरातच आहे. त्यामुळे अनुवादकाला कारण माहीत असल्याशिवाय क्रियापद निवडता येत नाही. उदाहरणे बघा.

मॅडिसन काउंटीतला सीडर पूल १८८३ चा. २००२ च्या सप्टेंबरात तो पेटवला गेला, २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला, आणि एप्रिल २०१७ मध्ये परत जाळला गेला. दुसऱ्या वेळी किशोरवयीन मुलांनी तो पेटवल्याचे निष्पन्न झाले. इथे 'लावली'. त्याच काउंटीतला मॅकब्राइड पूल १९८३ मध्ये असाच गेला. तिथेही 'लावली'.

वेस्ट व्हर्जिनियातला फिलिपी पूल २ फेब्रुवारी १९८९ रोजी जळाला. जवळच्या पंपावरून सांडलेले पेट्रोल वाहत पुलापर्यंत आले आणि पेटले. तिथे 'लागली'.

स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नचा कापेलब्रुक १८ ऑगस्ट १९९३ च्या रात्री जळाला. सिगारेटचा संशय होता, सिद्ध काही झाले नाही. तिथे 'जळाला' हेच प्रामाणिक क्रियापद, कारण ते कोणावर बोट ठेवत नाही. चीनच्या फूचिएन प्रांतातला ९८ मीटर लांबीचा वान-आन पूल ६ ऑगस्ट २०२२ रोजी गेला, त्यालाही सुरक्षित शब्द 'जळाला' हाच.

बोरू: म्हणजे 'जळाला', 'जाळला', 'आग लागली', 'आग लावली' हे चार वेगळे. आणि 'व्हँडलिझम'?

कलमदान: एका शब्दात भागत नाही. फळ्यांवर नावे कोरणे, रंगाचे फवारे मारणे हे 'विद्रूपीकरण'. फळ्या उपटून नेणे ही 'चोरी' किंवा 'मोडतोड'. पुलावर शेकोटी करणे, पण पूल जाळण्याचा हेतू नसणे, याला 'हलगर्जीपणा'. सर्वसाधारण शब्द हवा असेल तर 'नासधूस'. 'समाजकंटक' मात्र टाळावे. बातमीत तो शब्द आला की माणूस दिसेनासा होतो.

कायद्याच्या भाषेत भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठात 'मिसचीफ'ला 'आगळीक' आहे. बोलीत आगळीक म्हणजे मर्यादा ओलांडणे, त्यामुळे वाचकाला तो सौम्य वाटेल. पण त्यातली विभागणी उपयोगी आहे. सार्वजनिक रस्ता किंवा पूल नादुरुस्त करणारी आगळीक कलम ४३१, आगीने केलेली ४३५, घर किंवा देवालय जाळण्यासाठीची ४३६. आता दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हे सगळे कलम ३२६ च्या पोटकलमांत आहे. लाकडी पुलाला आग लावली तर पुलाचे आणि आगीचे असे दोन्ही पोटप्रकार लागू होऊ शकतात.

वासा: 'जळून खाक' हा वाक्प्रचारही तपासून वापरा. कैची कोणती यावर किती जळते ते ठरते. सीडर पुलाची कैची टाउन पद्धतीची होती, म्हणजे फळ्या आडव्या-तिडव्या लावून त्यांना लाकडी खुंट्यांनी जोडलेली जाळी. समजा फळी ७५ मिलिमीटर जाड आहे. लाकूड जळताना आगीची कड मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर आत सरकते. दोन्ही बाजूंनी आग असली तर अर्ध्या तासात ३९ मिलिमीटर गेले, फळी निम्म्याहून पातळ झाली. शिवाय पूल म्हणजे दोन्ही टोकांना उघडा बोगदा. वारा त्यातून ओढला जातो, आणि आग छताखाली अडकून सगळ्या लांबीभर पसरते. खालची ताणातली तुळई तुटली की आख्खा गाळा, म्हणजे दोन आधारांमधला पूल, नदीत कोसळतो. तेव्हा 'खाक'.

फिलिपी पुलाच्या कमानी जाड लाकडाच्या होत्या. वरून काळ्या पडल्या, आत गाभा राहिला. त्याला 'होरपळला' म्हणावे, 'खाक' नाही. तो दुरुस्त करून १९९१ मध्ये खुला झाला.

आणि दुरुस्तीलाही शब्द वेगवेगळे आहेत. सीडरचे जे झाले तो 'जीर्णोद्धार' नव्हे. जीर्णोद्धाराला काहीतरी जीर्ण शिल्लक लागते. तिथे 'पुनर्बांधणी' म्हणा, किंवा स्पष्टच 'जुन्याबरहुकूम नवा पूल'. इंडियानातला ब्रिजटन पूल १८६८ चा होता, एप्रिल २००५ मध्ये जाळला गेला, २००६ मध्ये नवा झाला. त्याच्या फलकाकडे पाहणाऱ्याला १८६८ चे लाकूड आपल्या हाताखाली आहे असे वाटू नये, एवढी काळजी शब्दाने घ्यायलाच हवी. ल्युसर्नला मधला भाग नवा, टोके जुनी. तिथे 'अंशतः पुनर्बांधणी' बरोबर. छताखालच्या त्रिकोणी चित्रांपैकी सुमारे दोन तृतीयांश गेली, त्यांच्यासाठी मात्र कुठलाच 'पुनः' लागत नाही.

बोरू: लेखात पुढे 'फायर रिटार्डंट' आणि 'ड्राय पाइप' आहेत.

वासा: 'अग्निरोधक' लिहू नका. लाकूड जळणारच, लेप फक्त उशीर करतो. म्हणून 'ज्वालामंदक लेप'. त्यात मिठाच्या जातीची द्रव्ये असतील तर पावसाने धुऊन जातात. बाहेरच्या फळ्यांना म्हणूनच ठरावीक काळाने पुन्हा लावावा लागतो. काही फॉस्फेटी द्रव्यांनी उन्हात तापणाऱ्या छताच्या लाकडाची ताकदही घटते, हे अमेरिकेत १९८० च्या दशकात घरांच्या छपरांवर दिसून आले. पुलाला लावताना आधी तुकड्यावर चाचणी हवी.

'ड्राय पाइप' म्हणजे आगीवर पाणी शिंपडणाऱ्या तोट्यांची 'कोरडी नळवाहिनी'. त्या भागात हिवाळ्यात पाणी गोठून नळ फुटतात, म्हणून नळात दाबाखाली हवा ठेवतात. उष्णतेने तोटी उघडली की हवा निसटते आणि मागून पाणी येते. हा उशीर काही सेकंदांचा असतो, पण जाळीच्या कैचीला तेवढाही महाग पडतो. म्हणून छताखाली उष्णता ओळखणारी तार लांबीभर ओढतात, तिच्यावरून इशारा लगेच जातो.

खाडीकाठ: पुलाखाली नदी असून पाणी का मिळत नाही?

वासा: बंबाला काठापर्यंत उतरायला वाट नसते, आणि सहा-सात मीटरहून जास्त उंचीवर पंप पाणी ओढू शकत नाही. त्यावर उपाय म्हणून नदीत बुडवलेला कायमचा नळ रस्त्यापर्यंत आणून ठेवतात. त्याचे तोंड गाळाने भरते, दरवर्षी उपसून पाहावे लागते. त्याला 'ओढनळ' म्हणावे असे सुचवतो. कोणाला याहून चांगला शब्द आठवला तर लिहा.