लक्ष्मीपुरीतली वाम आणि आजोबांची अहिर, एकच मासा का?

रंकाळाकर
नमस्कार मंडळी. रविवारी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात मासळी आणायला गेलो होतो, सोबत सातवीतली पोरगी. ओट्यावर अख्खी वाम आडवी टाकलेली. शेपूट ओट्याखाली लोंबत होतं, तरी डोकं पलीकडच्या पाटीला टेकलेलं. पोरगी बघतच राहिली. "ह्याच्याहून मोठी असती का?" मावशी म्हणाल्या, "असती की! पर ती आमच्यापतोर येत न्हाई." तिथनं घरापर्यंत प्रश्न संपेनात. किती मोठी होते, कुठल्या समुद्रात, किती खोल? मला एवढंच माहीत, की मासळी कोकणातनं घाट चढून येते.

दुसरं असं, की आमचे आजोबा प्रयाग चिखलीकडं पंचगंगा नदीला गळ टाकायचे. १९६०-६२ च्या आसपासची गोष्ट. त्यांच्या तोंडात दोन नावं असायची, वांब आणि अहिर. अहिर लागली की शेजारीपाजारी वाटे जायचे, असं आज्जी सांगते. ही वांब, अहिर आणि बाजारातली वाम एकच का? पोरीला काहीबाही सांगायचं नाही, म्हणून विचारतोय.

देवगडची माहेरवाशीण
दादा, तिन्ही वेगळ्या. माझे बाबा होडीवर जायचे, पुढं मी प्राणिशास्त्र शिकले आणि शिकवलं, त्यामुळं हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आधी वाम. ती समुद्रातली ईल, म्हणजे सापासारखा लांबट मासा. आपल्याकडं येते ती बहुतेक पिवळसर झाक असलेली. ती अडीच मीटरपर्यंत वाढू शकते. तिची करडी बहीण सव्वादोन मीटरच्या आतबाहेर. दोघी चिखलाच्या तळाशी राहतात, साधारण शंभर मीटर खोलीच्या आत. करडीचा पसारा मोठा आहे, तांबड्या समुद्रापासून आपला किनारा, श्रीलंका करत जपान-कोरियापर्यंत. पुढच्या वेळी मावशींना तोंड उघडून दाखवायला सांगा. वरच्या टाळूच्या मधोमध सुळ्यांची एक ओळ दिसेल. मी लहानपणी त्या ओळीवरून बोट फिरवलं होतं, मासा मेलेला होता तरी बोट कापलं. बाबा वाम होडीत घेतली की आधी तिच्या डोक्यावर दांडका घालायचे, मगच गळ काढायचे. अंगाला खवले नाहीत, म्हणून हातात ठरत नाही.

मुलीला "ह्याच्याहून मोठी" हवी असेल तर मोरे ईल सांगा. खडकाच्या कपारीत राहते. त्यातली जावा बेटाच्या नावानं ओळखली जाणारी जात तीन मीटर आणि तीस किलोपर्यंत जाते, मोरे जातींत वजनानं तीच सगळ्यांत भारी. लांबीत मात्र दुसरीच जिंकते, सडपातळ, चिखलाच्या खाड्यांमध्ये राहणारी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या मरूची नदीत १९२७ साली एक मिळाली, ३.९४ मीटर. आपल्या घराच्या खोलीत ती सरळ मावायची नाही. युरोपकडची काँगर ईलही तीन मीटर होते, वजन शंभर किलोच्या वर. ती नॉर्वेपासून सेनेगलपर्यंत आणि भूमध्य समुद्रात मिळते. किनाऱ्याच्या खडकातही राहते आणि हजार मीटर खोलही सापडते.

खोलीचं गणित मी वर्गात असं समजवायची. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे. जेवढे आपण वर, साधारण तेवढीच खाली स्नाइप ईल राहते. चोच पक्ष्यासारखी, दीड मीटरभर लांब, पण जाडी सुतळीची. मणके सातशेच्या वर! आपले तेहेतीस. आणि गल्पर ईल तर तीन हजार मीटरपर्यंत जाते, म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई उलट्या टांगल्या तर. ती जेमतेम पाऊण मीटरची असते, पण जबडा अंगापेक्षा मोठा वाटतो.

म्हणजे जेवढं खोल तेवढं मोठं, असा हिशेब इथं चालत नाही. मोठ्या ईल बहुतेक उथळ पाण्यातल्या.

निळं पाणी
मी मूळ उचगावचा, सीझनला मालवणला डायव्हिंगवर असतो. मोरे दहा मीटरच्या आत सहज दिसते. कपारीतनं फक्त डोकं बाहेर, आणि तोंडाची सारखी उघडझाप. पर्यटकांना वाटतं अंगावर येतेय. ती श्वास घेत असते, तोंडातनं पाणी आत घेऊन कल्ल्यांवरून सोडते. फक्त कपारीत हात घालू नका. तिच्या घशात दुसरा जबडा असतो, तो पुढं येऊन घास आत ओढतो. हे २००७ साली संशोधकांनी दाखवून दिलं.

रंकाळाकर
ताई, लाख आभार. पोरीनं वहीत कळसूबाई उलटी काढली आहे! पण अहिर राहिली की.

देवगडची माहेरवाशीण
मुद्दाम मागं ठेवली, कारण मला तिचंच जास्त सांगायचंय.

वांब खरी ईल नव्हे. तिच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते, नाक लांबट असतं, आणि तिचा सगळा जन्म गोड्या पाण्यात जातो. अहिर मात्र खरी ईल. ती नदीत वाढते, पण अंडी घालायला समुद्रात जाते. तिची पिल्लं पारदर्शक पानासारखी, प्रवाहाबरोबर किनाऱ्याला येतात, मग सुईएवढी होऊन नदी चढतात. ओल्या दगडावरूनही सरपटत वर जातात.

आता नकाशा बघा. देवगडचा समुद्र कोल्हापूरला जवळ, पण आपलं पाणी तिकडं जात नाही. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे आजोबांच्या गळाला लागलेली अहिर पूर्व किनाऱ्यावरून, अख्खी कृष्णा चढून चिखलीपर्यंत आली होती, हजार किलोमीटरहून जास्त. आज त्याच वाटेवर विजयवाड्याचं प्रकाशम बॅरेज, नागार्जुनसागर, श्रीशैलम, जुराला, नारायणपूर आणि अलमट्टी आहेत. नागार्जुनसागरची भिंतच शंभर मीटरहून उंच. सुईएवढ्या पिल्लानं ती कशी चढायची? धरणं नकोत असं मी म्हणत नाही, शेतीला पाणी लागतंच. पण माशाला वर यायला वाट ठेवता येते, आणि ती ठेवायला हवी होती. मला हे फार लागतं.

आज्जींना एक विचाराल का? त्या माशाच्या पाठीवर काटे होते, की पाठीपासून शेपटीला वळसा घालून पोटाखाली गेलेली एकच सलग झालर?

रंकाळाकर
आत्ताच विचारलं. आज्जीनं आधी मनगट धरून जाडी दाखवली. मग म्हणाली, "काटं वांबला. अहिरला काट नव्हतं, झालर हुती. राख लावल्याबिगर हातात ऱ्हात नव्हती."