टीव्हीचा आवाज येतो, पण पडदा काळाच: पॅनेल गेले की बॅकलाइट?

प्रश्न
आमचा ४० इंची एलईडी टीव्ही सुरू केल्यावर पडदा क्षणभर उजळतो आणि लगेच काळा पडतो. आवाज मात्र स्वच्छ येतो आणि रिमोटने वाहिनीही बदलते. एचडीएमआय केबल बदलून पाहिली, उपयोग झाला नाही. मला सोल्डरिंग येते आणि मल्टिमीटर आहे. हा दोष घरी दुरुस्त होण्यासारखा आहे का?

उत्तर १
पॅनेल (चित्र उमटवणारी काच) गेले असे इतक्यात ठरवू नका. खोलीत अंधार करून, टीव्ही सुरू ठेवून, पडद्यावर अगदी जवळून तिरका टॉर्च धरा. पुसट चित्र हलताना दिसले, तर पॅनेल शाबूत असून केवळ त्यामागचा बॅकलाइट (पडदा मागून उजळणारा प्रकाश) बंद आहे. बॅकलाइटच्या पट्ट्यांवरील एलईडी (छोटे दिवे) बहुधा एकसर जोडणीत, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे एक जरी तुटला तरी त्याच्यासह सगळी ओळ विझते आणि बिघाड ओळखून ड्रायव्हर (एलईडींना वीज देणारे सर्किट) पुरवठा तोडतो. क्षणभराचा उजेड बहुतेक पुरवठा तुटण्यापूर्वीचा आहे.

उत्तर २
वरील निदान पटते, तरीही पॅनेल उघडण्यापूर्वी पॉवर बोर्डावर फुगलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) नाही ना, हे पाहावे. मात्र प्लग काढल्यावरही तेथील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब राहू शकतो. तो मीटरने मोजल्याशिवाय आणि योग्य रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून तो उतरवण्याची अनेकांची सवय मला मुळीच मान्य नाही.

प्रश्नकर्ता
टॉर्चमध्ये चित्र दिसले, कपॅसिटरही ठीक आहेत. पट्ट्या तपासताना काय सांभाळावे?

उत्तर १
काच दोघांनी मिळून उचला. तिच्या कडेच्या लवचीक रिबन केबलना ताण बसला, तर पडद्यावर कायमच्या रेघा येतात आणि त्या दुरुस्त होत नाहीत. आतील पांढऱ्या शीटचा क्रम व बाजू यांचा फोटो काढून ठेवा. एलईडी ३ व्होल्टचे असतात तसे ६ व्होल्टचेही, आणि दुसरे साध्या मल्टिमीटरवर पेटत नाहीत, म्हणून एलईडी टेस्टर वापरा. एकच एलईडी गेला असला तरी सगळ्या पट्ट्या बदला. उरलेलेही तितकेच तापलेले असतात. नंतर सेटिंगमध्ये बॅकलाइट थोडा कमी ठेवावा.

प्रश्नकर्ता
पट्ट्या बदलल्या, चित्र परत आले. मात्र डाव्या कोपऱ्यात एक प्रखर पांढरा ठिपका दिसतो.

उत्तर २
तेथील एलईडीवरचे लहान लेन्स निखळले असावे. पुन्हा उघडावे लागेल.