दहा टक्क्यांआधी रिकामा महिना मोजा

‘करार संपला की घरभाडं दहा टक्के वाढवायचंच, भाडेकरू कितीही चांगला असो’ असं इथे एका घरमालकाने लिहिलंय, ते काही पटलं नाही. आमचा कोथरूडचा फ्लॅट २२,००० ला दिलाय. दहा टक्के म्हणजे महिन्याला २,२००, अकरा महिन्यांचे २४,२००. भाडेकरू सोडून गेले आणि घर एकच महिना रिकामं राहिलं, तर २२,००० तिथेच गेले. वर एजंट, पोलीस व्हेरिफिकेशन, रंगकाम. (रंगाऱ्याचा भाव हल्ली विचारलाय का कुणी?)

आधीच्यांनी ओट्याच्या टाइल्सना चार भोकं पाडली आणि शेवटचं वीजबिल माझ्या गळ्यात टाकलं. आताच्या काकू नळ गळायला लागला की स्वतःच प्लंबर बोलावतात, जुना वॉशर आणि पावती दोन्हींचा फोटो पाठवतात. त्यांना मी पाच टक्केच वाढवले, तेही दोन महिने आधी बोलून. अजिबात न वाढवणंही चूकच. चार वर्षं गप्प बसून एकदम पाच हजार मागितले तर कुणीही बिथरेल.

आणि अकरा महिन्यांचाच हट्ट कशाला? महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची (म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याच्या कराराची) नोंदणी मुदत कितीही असली तरी करावीच लागते. मग छत्तीस महिन्यांचा करार करून दरवर्षीची वाढ त्यातच लिहा. स्टँप ड्यूटी एकूण भाड्यावर लागेल, पण नोंदणी फी आणि अंगठे देण्याची कटकट एकदाच.